कपड्याखालचा शाळेचा तांदूळ

त्या दिवशी शाळेच्या आवारात कोन कोन हजर होतं ते आधी सांगते. नावं सांगत नाई, कोन होतं ते समजलं म्हंजे झालं. हेडमास्तर गुरुजी होते. शाळा कमिटीचा अध्यक्ष होता, धोतराचा सोगा हातात धरून. त्याची भावजय होती, नवं लुगडं नेसून आलेली. माही शेजारीन भाभी होती, गाद्या भरनाऱ्या पिंजाऱ्याची बायको. सरपंचबाई होती, पन बोले तिचा नवरा आन ती मान हलवे. पहिली ते चौथीचे सारे पोट्टे होते. कुंपनावरून अर्धं गाव मुंड्या काढून पाहून राहिलं होतं. आन मी होती, शाळेचे भांडे घासनारी.

मी चौथीपर्यंत शिकली. जसं बोलते तसंच लिहून राहिली. ज्याले शुद्ध पाहिजे त्यानं शुद्ध लिहिनाऱ्यायचं वाचावं.

आमचं गाव अकोटच्या अलीकडं. यष्टी रोडवर सोडते, तथून पायी. ते वर्सं खराब होते. पऱ्हाटी, म्हंजे कपाशी, उभी दिसे हिरवीगार, आन बोंड फोडलं का आत अळी आन काळी बुरशी. कापूस नाई म्हून अकोटचा जिनिंगचा कारखाना दोन महिन्यात बंद पडे. माहा मालक, म्हंजे नवरा, तथी कापसाच्या गाठी उचले, तो घरी बसे आन खोकले. आमच्या आळीत, म्हंजे बौद्ध आळीत, चूल एकाच वक्ताले पेटे हे आमी लपवलं नाई. वरच्या आळीतबी तेच होतं, पन ते सांगत नव्हते. त्यायचे पोट्टेच सांगत. शाळेत दुपारी सरकारच्या तांदळाची खिचडी मिळे, आन घंटा व्हायच्या आधीच पोट्टे थाळ्या वाजवत. उपाशी पोट्टा कोनच्या आळीतला हाय ते थाळीच्या आवाजावरून कळत नाई.

खिचडी एक काकू शिजवे, वरच्या आळीतली. मी दोन वर्सं भांडे घासले आन पानी आनलं. हापशीचं पानी मी आनाचं आन उंबऱ्याबाहेर ठेवाचं. काकू उचलून आत घेऊन जाय. मी घासलेल्या गंजावर, पातेल्यावर म्हना, ती आधी उलूसं पानी शिंपडे, मंग त्याले हात लावे. दोन वर्सात मी त्या खोलीच्या आत पाय ठेवला नाई. काकू वाईट नव्हती. तिले तसंच शिकवलं होतं, आन मले पगार पाहिजे होता.

आता टीव्हीचं सांगते, नाई तं पुढचं समजनार नाई.

भाभीच्या घरी रंगीत टीव्ही होता आन छपरावर डिशची छत्री. ऐतवारी दुपारी आमी बाया तिच्या ओसरीत बसत होतो, सरकी निवडत नाई तं गोधडी टाचत. एका ऐतवारी तिनं बटन दाबता दाबता एक जपानचा खेळ लागला. मोठा मांडव, मधात दोन चुली. चुली कायच्या, सारं चांदीसारखं चकचकीत. घरचे बसलेले नामी आचारी, पहेलवानासारखे. आन बाहेरून कोनीतरी येते आन त्यायले ललकारते. मंग एक मानूस एका ढिगावरचा कपडा ओढते. त्याखाली एकच चीज. कधी मासा, कधी वांगं, कधी नुसता कांदा. घंटा वाजते. एका तासात त्या एका चीजेचे पाच-सहा पदार्थ. मंग परीक्षा करनारे चाखतात आन कोन जिंकलं ते सांगतात.

बोलनं आमाले समजत नव्हतं. भाभी मनानंच सांगे.

"ये बोल रहा है, मेरी सास भी ऐसाच कद्दू बनाती थी, उसीमें मर गई."

"अवं भाभी, तो तं नुसता मीठ मांगून राहिला."

"तुझे क्या मालूम? तू गई थी जपान?"

आमी हासून हासून सरकी सांडत होतो. पन मी तो खेळ खरंच पाहत होती. रांधनं हे काम हाय, त्याले घाम येते, हात भाजतो, आन ते पाहाले मानसं उभे राहतात, टाळ्या वाजवतात. आमच्याकडं रांधनाऱ्या बाईकडं कोनी मान वळवून पाह्यलं नाई. आन एक गोष्ट मी दर ऐतवारी पाहत होती. जो बाहेरून आला त्याले कोनी विचारलं नाई का बा तू कोनाचा. चूल देल्ली, एक तास देल्ला. हारला तं मान खाली घालून गेला, जिंकला तं पहेलवानानं त्याले वाकून नमस्कार केला.

पुढं तोच खेळ गोऱ्या लोकायच्या देशातला दाखवत. तोच कपडा, तोच तास, फक्त मानसं बदलले आन आवाज वाढला. मंग आपल्या हिंदीतबी तसले खेळ आले, त्यात रांधनं कमी आन रडनं जास्त. भाभी म्हने, "रोने के लिए टीव्ही क्यूँ लगाना, घर में कम है क्या?" आमाले जपानवालाच आवडे. शाळेच्या पोट्ट्यायलेबी. ते खिडकीतून पाहत आन दुसऱ्या दिवशी शाळेत दप्तरावर रुमाल टाकून खेळत.

त्या साली दिवाळीनंतर काकू लेकीकडं अमरावतीले गेली, कायमची. खिचडी कोन शिजवन म्हून गुरुजीनं कमिटी बोलावली. अध्यक्षाच्या भावजयीनं अर्ज देल्ला. मीबी देल्ला. स्वतःच्या हातानं लिहून देल्ला, अध्यक्षानं तो उलटा करून पाह्यला, जसं काही मांगं दुसरं कोनी लिहिलं असन.

मले ते काम पाहिजे होतं. पगारासाठी पाहिजे होतं हे तं हायेच. पन दोन वर्सं मी त्या उंबऱ्याबाहेर बसली होती, आन मले आत जाऊन चुलीपाशी उभं राहाचं होतं. त्याच्यापेक्षा कमी मले काही नको होतं.

अध्यक्ष म्हने, "बाई, तू भांडे चांगले घासतं. तेच कर ना."

मी म्हनलं, "काहून? रांधनं काहून नाई?"

त्यानं गुरुजीकडं पाह्यलं. गुरुजी छताकडं. खरं कारन साऱ्यायले माहीत होतं, आन कायद्यानं ते तोंडातून काढता येत नव्हतं. मंग अध्यक्ष म्हने, "कसं हाय, हाताले चव लागते. तुह्या हाताले चव नाई म्हनतात."

"कोन म्हनते?"

"लोकं म्हनतात."

"माह्या हातचं कोन्या लोकायनं खाल्लं?"

 दाराशी भाभी उभी होती, तिनं पदर तोंडाले लावला, तिले हासू आलं होतं. मी म्हनलं, "चवीचंच कारन हाय ना? मंग चाखून पाहा. त्या जपानच्या खेळासारखं करा. मी तुमच्या भावजयीले ललकारते. एक चीज, कपड्याखाली, एक तास. कोन्या ताटात कोनाचं हाय ते चाखनाऱ्याले सांगाचं नाई. जे जिंकन त्याच्या हाती पळी."

अध्यक्ष फसला. नाई म्हनलं तं चवीचं कारन खोटं ठरे. तो म्हने, "करू. त्यात काय." त्याले वाटलं, आपली भावजय, घरात दूधदुभतं, ही काय टिकनार तिच्यापुढं.

मी आनखी एक मांगितलं. "गुरुजी, आधी माइकवरून सांगा, का जिंकनारीले काम भेटन. साऱ्या गावाले ऐकू येऊ द्या."

गुरुजी भित्रा मानूस. पन खेळाचं त्यालेबी भलतं वेड होतं. तोबी ऐतवारी भाभीच्या खिडकीत उभा राहे, आपन नुसतंच जाऊन राहिलो असं दाखवत. त्यानं ग्रामपंचायतीचा माइक आनला आन दोन वेळा सांगितलं.

खेळाच्या दिवशी सारं आमच्या गावच्या पद्धतीनं झालं. जपानात कपडा ओढतात, आमच्याकडं आधी त्या कपड्याले हळदकुंकू वाहून नारळ फोडला. सरपंचबाईचा नवरा म्हने, नारळाशिवाय उद्घाटन होत नाई. घंटा म्हून शाळेचा रुळाचा तुकडा. काय चाललं ते गावाले सांगाले भाभी माइकपाशी जाऊन बसली होती, तिले तथून कोनी उठवू शकलं नाई.

गुरुजीनं कपडा ओढला. साऱ्यायले वाटलं वांगे असतीन, नाई तं तुरीची डाळ. खाली शाळेचा तांदूळ होता. तोच, पोत्यातला, सोंडेकिडे लागलेला, कोंदट वासाचा.

"रोज हाच शिजवायचा आहे," गुरुजी म्हने, "मग परीक्षाही ह्याचीच."

त्या भित्र्या मानसाच्या डोक्यातून हे निघालं, त्यासाठी मी त्याले अजूनबी मानते.

भावजयीनं पिशवी आनली होती. तूप, काजू, बेदाने, विलायची, घरचं दूध. मसालेभात, खीर, पापड्या, आनखी काय काय. ती चार गंज मांडून बसली. माह्यापाशी चन्याचा भरडा, तिखट, मीठ, ओवा, लसून, ताक, आन तेलाची बाटली. चाखनाऱ्यायले वर्गात बसवून दार लावलं, कोन काय रांधते ते दिसू नये म्हून.

रूळ वाजला.

आता सांगते, काय आलं माह्या कामी. दोन वर्सं मी पोट्ट्यायचे ताटं घासले होते. रांधनारीले आपलं पातेलं दिसते, पोट्टे काय टाकतात ते घासनारीले दिसते. ज्या दिवशी काकू तांदूळ एकदाच धुये, त्या दिवशी अर्धे ताटं भरलेले परत येत. भात लगदा झाला का पोरी तो मुठीत धरून कुंपनापलीकडं कुत्र्याले टाकत. हिरवी मिरची साऱ्या ताटात काठाले लागून राहे. आन ज्या दिवशी तांदूळ चुकून तळाशी थोडा खरपूस होये, त्या दिवशी ताटं असे येत का घासाची गरजच नाई. हे मले कोनी शिकवलं नव्हतं. खरकट्यानं शिकवलं.

मी आधी सूप घेतलं आन सोंडे पाखडले. मिठाच्या कोमट पान्यात तीनदा तांदूळ चोळून धुतला. मंग गंज तापवून तो कोरडाच भाजला, वास उडून गेला तोवर. भाभी माइकवर वरडे, "ये देखो, अभी तक पानी भी नहीं डाला! आधा टाइम गया! मेरी बहन को नींद लगी क्या?" गाव हासे. मी हात चालवून राहिली होती. भरड्यात तिखट, मीठ, ओवा, तेल घालून गोळे वळले. भात अर्धा शिजला तवा ते गोळे वर ठेवले आन झाकन मारलं. सुपात तळाशी तांदळाच्या कन्या राहिल्या होत्या, त्या ताकात शिजवल्या, वरून लसनाची फोडनी.

पऱ्हाटीच्या काड्यायचा जाळ बसल्या बसल्या विझते, त्याले सारखं खाऊ घालावं लागते. भावजयीचा जाळ धुरावला. तिले सवय नव्हती, तिच्या घरी ग्यास होता. ती फुंकून फुंकून रडवेली झाली. मी माह्या कोरड्या काड्यायची एक मोळी पायानं तिच्याकडं सरकवली. तिनं घेतली.

रूळ वाजला. भाभी म्हने, "बस दो ही चीज?"

मी म्हनलं, "पोट भराले दोन लय झाले."

ताटायच्या बुडाशी सरपंचबाईच्या नवऱ्यानं खडूनं आकडे लिहिले, कोनचा आकडा कोनाचा ते कागदावर लिहून घडी घातली, आन आमाले दोघीले शाळेच्या मांगं नेऊन बसवलं. मंग चाखाले सात जन वर्गातून बाहेर आले. गुरुजी, अध्यक्ष, सरपंचबाई, आन दर वर्गातला एक पोट्टा नाई तं पोट्टी. आमी दोघी भिंतीले टेकून, घामानं भिजलेल्या.

भावजय म्हने, "तुमी काय केलं वो?"

"गोळाभात. आन कन्या."

"माह्या खिरीले वास येऊन राहिला. दुधात तं आनखीच वाढला."

"तांदूळ भाजाचा होता बाई."

"मंग सांगाचं ना तवाच!"

"तू विचारलं काय?"

आमी दोघी हासलो. तिच्या शेतातबी त्या साली बोंड काळंच निघालं होतं. तिलेबी काम पाहिजेच होतं. मी तिच्यासाठी सोडनार नव्हती, पन तिच्यावर मले राग नव्हता.

गुरुजी माइक बंद करनं विसरले होते. म्हून तिकडचं सारं आमाले मांगं ऐकू आलं, आन साऱ्या गावालेबी.

अध्यक्षाचा आवाज आला. "वा! हा गोळा पाहा. याले म्हनतात हात. हा आमच्या घरचा हात हाय, मी डोळे मिटून सांगतो. अजून वाढा इकडं." मंग मचमच. मंग, "थे दुसरं कोनाचं हाय ते दिसूनच राहिलं. खीर म्हनावं का काय म्हनावं."

भावजयीनं पदर तोंडावर घेतला. ते हासू होतं का रडू, मले आजबी सांगता येत नाई.

पोट्ट्यायले विचारलं. पहिलीतलं लेकरू म्हने, "गोळ्याचं." दुसरीतलं म्हने, "गोळ्याचं." तिसरीतल्या पोट्टीनं खीर सांगितली, तिले काजू भेटला होता. चौथीतला म्हने, "ताट चाटलं मी, ते का सांगावं लागते?"

मंग गुरुजीनं ताट उलटं केलं. बुडाशी आकडा होता. कागद काढला, आकडा ताडून पाह्यला, आन सांगितलं का गोळे माह्या हातचे हायेत.

त्यायनं सांगितलं, तवा मी भिंतीमांगून उठून समोर गेली. कोनी बोलावलं नव्हतं. अध्यक्षाच्या हातात अजून गोळा होता, अर्धा. तो खाली ठेवावा का तोंडात टाकावा हे त्याले समजेना. मी त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली.  त्यानं गोळा ताटात ठेवला, हात धुतले, आन म्हने, "खेळ झाला. चांगला झाला. पन खेळ हा खेळ असते. नेमनूक कमिटी करन."

भाभी म्हने, "अध्यक्षसाब, माइक चालू है."

कुंपनावर कोनीतरी खोकललं. मंग कोनी हासलं. मंग वरच्या आळीतल्याच एका म्हातारीनं तथून आवाज देल्ला, "आता पोटात गेलं ते का कमिटी काढते कारे बापू?" आन सारं कुंपन हासलं.

अध्यक्षानं गुरुजीकडं पाह्यलं. मीबी पाह्यलं.  बदली होईन, कमिटी त्रास देईन, हे सारं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो माइकपाशी गेला आन म्हने, "आधी जाहीर केल्याप्रमाणे, उद्यापासून स्वयंपाकाचं काम..." आन पुढं माहं नाव घेतलं. बस, एवढंच. मंग तो वर्गात गेला आन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी हापशीचं पानी आनलं आन उंबऱ्यावर थांबली नाई. आत गेली. गंज घासून ठेवले होते, मीच घासले होते, त्याच्यावर कोनी पानी शिंपडलं नाई.

इथं गोष्ट संपली असं वाटन तुमाले. नाई संपली. दुपारी वरच्या आळीतले कितीतरी पोट्टे घरून डबे घेऊन आले. मायबापायनं देल्ले. ज्या घरी पीठ नव्हतं त्या घरूनबी डबा आला, कोरडी अर्धी भाकर फडक्यात. ते लेकरं भिंतीकडं तोंड करून खात. मी साऱ्यायचे ताटं वाढले, डबेवाल्यायचेबी. कमिटीवाले मले म्हनाले, वाया जाते. मी म्हनलं, जाऊ द्या. एक दिवस एक पोट्टा डबा खाऊन थाळीकडं सरकला. मंग दुसरा. दिवाळी ते होळी ह्याच्यात डबे कमी झाले. काही मायबाप मले हापशीवर शिव्या देत, आन त्यायचे पोट्टे शाळेत म्हनत, "मावशी, आज गोळे काहून नाई?" गोळे रोज कोठून आनू? चन्याची डाळ सरकार देत नव्हतं.

एक पोट्टी मातर शेवटलोक जेवली नाई. तीन वर्सं. ती अध्यक्षाची नात. घरी तिले शपथ घातली होती, असं भाभी सांगे. मी तिचं ताट रोज वाढत होती. तिच्यापुढं ठेवत होती. ती हात मांडीवर ठेवून बसे, ताटाकडं पाहे, आन घंटा झाली का उठे. मी ते ताट उचलत होती. एक दिवसबी मी तिले वाढनं सोडलं नाई, आन एक दिवसबी तिले खा म्हनलं नाई. चौथी पास होऊन ती अकोटले शिकाले गेली. ती हारली का मी हारली, ते मी मोजलं नाई.

मी तथी बारा-तेरा वर्सं रांधलं. अध्यक्ष बदलले, गुरुजीची बदली पातूरकडं झाली, भाभीचा टीव्ही बिघडला आन तिनं त्याचं खोकं कोंबड्या झाकाले घेतलं. भावजय दोन वर्सांनी माह्या मदतीले आली, तांदूळ निवडाले. ती आत बसे, मी चुलीपाशी. खोलीत बाहेरचं कोनी राह्यलं नाई.

आता माहे हात थरथरतात, पळी धरवत नाई. म्हून हे लिहून ठेवलं. वाचनाऱ्याले माहं एकच सांगनं हाय. तुमच्या पोराच्या शाळेत दुपारी एकदा जा. तथी कोन रांधते ते पाहा, तिले ताट मांगा, पोरायच्या पंगतीत बसा, आन पूर्न जेवून उठा.